न वाचलेलं कलम

कोंदळीच्या विठू गुरवाकडे दोन कामं बापजाद्यांपासून चालत आली होती, तिसरं गावानं त्याच्या गळ्यात घातलं होतं. वाघजाईची पूजा आणि पालखीपुढचा ढोल ही दोन घराण्याची. तिसरं म्हणजे जत्रेचा परवाना आणणं. लहानपणी दोन वर्षं कडावच्या शाळेत जाऊन तो वाचायला शिकला होता, आणि साठ-सत्तर उंबऱ्यांच्या त्या गावात अक्षराची ओळख असलेला तो एकटाच होता. होळी पेटली की कोऱ्या कागदावर पोलीस पाटलाचा अंगठा घेऊन तो कर्जतची वाट धरी. कचेरीसमोरच्या चिंचेखाली अर्जनवीस बसत, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेई, त्यावर फौजदाराचा शेरा घेई आणि मामलेदारांची सही होईतो व्हरांड्यात बसून राही. कधी एका खेपेत काम होई, कधी चार खेपा पडत. त्या कागदाशिवाय पालखी वेशीबाहेर काढायची सोय नव्हती. शेजारच्या एका गावानं काढली होती, तर वाजंत्र्यांसकट पाच जणांना शिपायांनी कर्जतपर्यंत चालवत नेलं होतं.

एकोणीसशे बावीस साली परवाना मिळाला नाही, कारण तालुक्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. तेवीस साली पटकी नव्हती, पण पावसाळ्याआधी विहिरींत लाल दवा टाकायला आलेल्या सरकारी माणसाला कोंदळीकरांनी वेशीवरूनच पिटाळलं होतं. वाघजाईच्या विहिरीचं पाणी म्हणजे तीर्थ. त्यात साहेबाची दवा कोण टाकू देणार? त्या माणसानं वर कळवलं, आणि विठूच्या अर्जावर नकाराचा शेरा पडला.

दोन वर्षं पालखी देवळातच राहिली. त्या दोन वर्षांत भातावर करपा पडला, धाकलू पाटलाचा एक बैल कड्यावरून कोसळला, कुणाची सून बाळंतपणात गेली. गावात असं दरसाल काही ना काही घडतंच, पण आता प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं होतं. देवी बसून राहिली म्हणून हे होतं, आणि देवी बसून राहिली कारण विठूला कागद आणता आला नाही. पाणवठ्यावर बायका सोनुबाईला, म्हणजे विठूच्या बायकोला, ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. पुरुष तोंडावर बोलत.

चोवीस साली अर्जाच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवताना धाकलू पाटील म्हणाला, "इठू, औंदा हात हलवत आलास तर ढोल कुणाच्या गळ्यात घालायचा ते गाव बघंल. कडावचा गुरव तयारच हाय."

पाटील मनानं वाईट नव्हता. दोघं एका वयाचे, एका ओढ्यात पोहलेले. पण पाटलाच्या मागं गाव होतं आणि विठूच्या मागं कुणी नव्हतं.

कर्जतला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला अव्वल कारकुनानं त्याला आत बोलावलं. टेबलावर परवान्याच्या दोन प्रती होत्या आणि शेजारी कागदाची एक जाडसर पुडी.

"गुरवा, वाचता येतं ना तुला?"

"येतं साहेब."

"मग हे चौथं कलम नीट बघ. खालापूरकडे पटकी सुरू झाली आहे. जत्रेआधी दोन दिवस देवळाच्या विहिरीत ही दवा टाकायची. त्या विहिरीचं पाणी तीर्थ म्हणून वाटायचं नाही. साथीच्या गावांतल्या माणसांना वेशीत घ्यायचं नाही. मान्य असेल तर जत्रा करा. मामलेदार रावसाहेब यंदाही नाहीच म्हणत होते, मीच म्हटलं की दोन वर्षं झाली, लोकांचा देव आहे."

"मान्य हाय साहेब."

"तू मान्य करून काय उपयोग? गावाला वाचून दाखव. एका प्रतीवर पाटलाचा अंगठा घे आणि आठ दिवसांत इथं आणून दे."

विठूनं कागद धोतराच्या सोग्यात बांधले, पुडी कमरेला खोचली आणि तो निघाला. ऊन तापलं होतं. वाटेत एका आंब्याखाली बसून त्यानं परवाना पुन्हा वाचला. चौथं कलम गावाला वाचून दाखवलं तर काय होईल हे त्याला लख्ख दिसत होतं. म्हातारे उठून उभे राहतील. देवीच्या विहिरीत विष टाकून जत्रा करायची? त्यापेक्षा जत्राच नको, आणि असला कागद आणणारा गुरवही नको. नाहीतर परवाना फाडून पालखी काढतील आणि शिपायांचा मार खातील. त्याचं खापरही विठूवरच फुटणार. आणि खालापूर इथून कुठं? मध्ये किती गावं, किती ओढे. एका दिवसाची तर जत्रा.

असं स्वतःची समजूत घालत तो गावात शिरला.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं. विठूनं उभं राहून वाचायला सुरुवात केली. पहिलं कलम, पालखी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच फिरवावी. दुसरं, लाठ्याकाठ्या आणि दारू बंद. तिसरं, आगीची खबरदारी. तिसऱ्यापाशी तो क्षणभर थांबला. समोर धाकलू पाटील मांडी घालून बसला होता, मांडीवर त्याची सात वर्षांची मुलगी कोंडी. विठूची नजर कागदावर सरकली आणि त्यानं पाचवं कलम चौथं म्हणून वाचलं. सर्व शर्ती पाळण्याची जबाबदारी पोलीस पाटलाची.

"एवढंच?" पाटलानं विचारलं.

"एवढंच."

पाटलानं शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला. कुणीतरी भंडारा उधळला. म्हातारा लडकू, ज्यानं दोन वर्षं विठूला रामराम घातला नव्हता, त्यानं उठून त्याच्या पाठीवर हात फिरवला. "गावाची लाज राखलीस रं," तो म्हणाला. पुढं आयुष्यभर विठूला त्या हाताची आठवण आली की पाठ आक्रसून घ्यावीशी वाटे.

घरी येऊन त्यानं पुडी आढ्याच्या वाशात खोचली आणि सोनुबाईला म्हणाला, "जत्रा हुईस्तवर देवळाच्या बावीचं पानी नगं आणूस. परसातल्या झऱ्याचं आण. नि उकळून घे."

"उकळून? का वो?"

"सांगितलं तेवढं कर."

ती माहेरच्या वळणानं फार विचारणारी बाई नव्हती. तिनं चुलीवर हंडा चढवला.

चैत्री पुनवेला जत्रा भरली. दोन वर्षांची भूक होती, माणसं लोटली. लेकी माहेरी आल्या, खालापूरकडे दिलेल्याही आल्या. त्यांना कोण अडवणार, आणि का अडवायचं हे कुणाला ठाऊक होतं? डोंगराच्या वाडीवरचे ठाकर आले. पोशा ठाकर दरसाल येई तसा पंधरा-वीस माणसं घेऊन आला, त्याची बायको पारू आणि पोरं बरोबर. वाडीवाल्यांना विहिरीला हात लावू देत नसत. गावच्या बायका वरून पाणी ओतीत आणि ते ओंजळीनं पीत. जाताना त्यांनी वाळक्या भोपळ्यांत तीर्थ भरून घेतलं, घरी राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. विहिरीवर दिवसभर रहाट थांबला नाही. परगावच्या माणसांनी आपापले दोर आणि तांबे आत सोडले, काठावर हातपाय धुतले, पोरांची दुपटी-चिरगुटं खळबळली.

विठूनं त्या दिवशी असा ढोल वाजवला की पालखीचे भोई वेशीपाशी अर्धी घटका नाचत राहिले. हात सोलपटले तरी त्यानं टिपरू खाली ठेवलं नाही. वाजवत होता तोवर त्याला कशाचीच आठवण होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालापूरहून आलेली एक माहेरवाशीण उलट्या-जुलाबांनी पडली आणि दुपारी गेली. संध्याकाळी आणखी दोघं. चौथ्या दिवशी दिवस उजाडताना पाटलाच्या घरातून रडणं ऐकू आलं. कोंडी आजारी होती. पाटलाची बायको तिला घोट घोट तीर्थ पाजत होती.

विठू घरी आला, वाशातली पुडी काढली आणि विहिरीवर गेला. तिथं कुणी नव्हतं. त्यानं सगळी पुडी पाण्यात उलटी केली. काळसर खडे बुडाले आणि त्यांच्यामागं जांभळ्या लाल रेघा खाली पसरत गेल्या. थोड्या वेळानं सगळं पाणी रंगलं. एवढं केलं की झालं, असं त्याला वाटलं. कुणाला काही सांगायला नको, दवा आपलं काम करील.

तासाभरात पहिली बाई घागर घेऊन आली आणि किंचाळत परत गेली. लाल दवेचं नाव गावानं ऐकलं होतं, पण ती पाण्यात पडल्यावर कशी दिसते हे कुणी पाहिलं नव्हतं. पुडी कधी वेशीच्या आत येऊच दिली नव्हती. देवीच्या विहिरीत रक्त आलं, अशी हाक गावभर गेली. माणसं लांब उभी राहून हात जोडू लागली. त्या विहिरीला शिवायची आता कुणाची छाती नव्हती. घागरी वळल्या त्या ओढ्याकडे. चैत्रातला ओढा म्हणजे वाहतं पाणी नव्हेच, मधूनमधून साचलेले डोह. जत्रेला आलेल्यांनी तिथंच अंगं धुतली होती आणि आता आजाऱ्यांची कापडंही तिथंच धुतली जात होती.

विठू गर्दीत उभा होता. तेव्हा दोन शब्द बोलला असता तर बायका थांबल्या असत्या. त्याचं तोंड उघडलं नाही. ओढ्याकडे जाणाऱ्या घागरी त्यानं पाहिल्या आणि तो देवळात जाऊन बसला.

त्या दिवशी पाच गेले. पाचांत कोंडी होती. दुसऱ्या दिवशी सात.

त्या दुपारी विठू घरी आला तेव्हा सोनुबाई चुलीपाशी उभी होती. चुलीवर हंडा उकळत होता, पण ती हंड्याकडे पाहत नव्हती. विठूकडे पाहत होती.

"आपल्या घरात कुणाला काय नाय झालं," ती म्हणाली.

विठू भिंतीला टेकून बसला.

"शेजारी दोन गेले. पल्याड एक. आपल्याला साधी वांती नाय. तुमी मला पानी उकळाया सांगितलंत ते जत्रेच्या आधी. जत्रेच्या आधी तुमाला काय ठावं होतं?"

"सोनू..."

"कागदात होतं का?"

त्यानं होय म्हणून मान हलवली.

ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला सांगितलंत नि गावाला नाय. त्या कोंडीला मी काल सकाळी मांडीवर घेतली हुती. आता बाया वड्याचं पानी भरत्यात, बावीला हात लावत नायत. ते लाल तुमीच केलंत ना?"

"दवा हाय ती. चांगली हाय."

"मग हितं काय बसलाय?" ती एकदम ओरडली. "जावा, सांगा! तुमी नाय गेलात तर मी जाते."

विठूनं परवाना घेतला. मंडपात माणसं होतीच. प्रेतं नेऊन आलेली, न्यायची असलेली, नुसतीच भिऊन देवीपाशी बसलेली. धाकलू पाटील खांबाला टेकून बसला होता. विठू त्याच्यासमोर उभा राहिला.

"पाटील, विहिरीत रगत नाय. लाल दवा हाय, मी टाकलीय. तेच पानी प्या, उकळून. वड्याचं नका पिऊ."

"तुला कुणी सांगितलं?"

"कागदात हाय."

"तू वाचलास तेवा नव्हतं."

"मी वाचलं नाय."

मग त्यानं चौथं कलम वाचलं, सगळं, मामलेदारांच्या सहीपर्यंत. बाहेर एक बाई कुणाला तरी हाका मारत होती, तेवढा आवाज. विठूला वाटलं होतं पाटील आता उठेल आणि आपलं डोकं खांबावर आपटेल. तसं झालं असतं तर त्याला हवं होतं. पाटील हललासुद्धा नाही.

"परत वाच," तो म्हणाला.

विठूनं परत वाचलं. साथीच्या गावांतल्या माणसांना घेऊ नये, तीर्थ वाटू नये.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचताना विठूचा आवाज फुटला. पाटील उठला, विठूच्या अंगावरून गेल्यासारखा जवळून गेला आणि बाहेर जाऊन बायकांना म्हणाला, "वड्यावरनं घागरी माघारी आणा. बावीचं भरा. उकळा." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. कर्जतला माणूस त्यानंच पाठवला.

चार दिवसांनी डॉक्टर आले, पाठोपाठ अव्वल कारकून आणि दोन शिपाई. साथ उतरत आली होती. सरकारी कागदात कोंदळीचे एकोणीस मृत्यू लिहिले गेले. चौकशीत पाटलावर ठपका येत होता, कारण कचेरीत पोचलेल्या प्रतीवर अंगठा त्याचा होता. विठूनं स्वतः पुढं होऊन जबाब दिला. कारकुनानं लिहिता लिहिता एकदा वर पाहिलं.

"मी तुला वाचता येतं का म्हणून विचारलं होतं," तो म्हणाला. मग त्यानं जबाब पुरा केला.

कर्जतच्या कोर्टात विठूला एक महिन्याची साधी कैद झाली. पाटीलकी वाचली. विठू सुटून आला तेव्हा ढोल कडावच्या गुरवाकडे गेला होता आणि देवळाची किल्लीही. गावानं त्याला वाळीत टाकलं नाही. शिवीही कुणी दिली नाही. फक्त त्याला कुणी कशाला बोलावीनासं झालं. लडकू म्हातारा साथीत गेला होता. सोनुबाई त्याला जेवायला वाढी, घरातलं सगळं करी, पण चुलीपाशी पाणी उकळायला ठेवलं की ती उठून बाहेर जाऊन बसे.

वाडीचं काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. सरकारी आकड्यात वाडी नव्हती. ठाकर पुन्हा गावात उतरले नव्हते एवढंच लोकांना माहीत होतं. श्रावण सरताना, पावसानं उघडीप दिली तेव्हा विठू एकटाच डोंगर चढून गेला. कर्जतच्या दवाखान्यातून त्यानं लाल दवेची पुडी मागून आणली होती.

वाडीत चौदा झोपड्या होत्या, त्यांतल्या सहांची दारं काट्यांनी बुजवली होती. पारू नाचणीत खुरपत होती. बरोबर एक मुलगी. जत्रेला तिच्यासोबत तीन पोरं पाहिल्याचं विठूला आठवत होतं.

"पोशा?" त्यानं विचारलं.

"गेला. दोन पोरंबी." तिनं खुरपं थांबवलं नाही. "जत्रेचं पानी भोपळ्यात आणलं हुतं. म्हातारी आजारी हुती, तिला देवीचं पानी पाजलं. आधी ती गेली."

विठू बांधावर बसला. वाटेनं चढताना त्यानं मनात जुळवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. परवाना, चौथं कलम, आपण ते गाळलं, का गाळलं. तीर्थ वाटू नका असं सरकारनं लिहिलं होतं. आपण वाचलं असतं तर पोशा जगला असता.

पारूनं आता खुरपं खाली ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला आहे की काय चाललंय, हे विठूला कळेना.

"तू तो कागद देवळात वाचला असता," ती म्हणाली.

"हां."

"देवळात आमी नव्हतो."

"नाय."

"मग आमाला सांगाया कोन आलं असतं? वर डोंगरावर?"

गावानं कलम ऐकून जत्रा रद्द केली असती तरी वाडीला ते कळवायला कुणी डोंगर चढलं नसतं. पुनवेला ठाकर उतरलेच असते, विहिरीवर कुणाला तरी पाणी ओतायला सांगितलंच असतं, ओंजळी धरल्याच असत्या.

"तुला काय पायजेल?" पारूनं विचारलं. "मी काय म्हनू? तुझा गुना नाय म्हनू?"

"नाय. दवा आणलीय. तुमच्या झऱ्यात टाकायची."

"टाक. पन पोरीला दाव कशी टाकायची ती. परत तू येशील नायतर नाय."

त्यानं मुलीला झऱ्यापाशी नेलं आणि कशी टाकायची, किती टाकायची, रंग कसा येतो, किती वेळ थांबायचं हे सांगितलं. मुलगी दवेपेक्षा त्याच्या सोलवटून निबर झालेल्या हातांकडेच जास्त पाहत होती. पारू पुन्हा नाचणीत वाकली होती. विठू उतरायला लागला तेव्हा तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर दर वैशाखात तो वाडीवर जाई, दवा टाकून येई. कुणी त्याला बस म्हटलं नाही, कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. सहा झोपड्यांपैकी दोन पुढं पुन्हा वसल्या, बाकीच्यांचे कूड पावसानं खाली बसले. कोंदळीची जत्रा चार वर्षांनी पुन्हा भरू लागली. परवाना आणायला पाटलाचा पुतण्या पदू जाऊ लागला. तो कडावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला होता. जत्रेच्या दिवशी विठू घरात बसून राही. ढोलाचा आवाज आला की दार लोटून घेई.

सोनुबाई बत्तीस साली गेली. तिनं शेवटपर्यंत त्याला टोचून एक शब्द काढला नाही, आणि मनातलंही काही सांगितलं नाही. विठू त्यानंतर पाच वर्षं एकटा राहिला. सदतीस साली भर पावसाळ्यात तापानं गेला. लाकडं ओली होती आणि चिता पेटेना. आलेली चार माणसं चुळबुळत होती. तेवढ्यात धाकलू पाटील घरच्या माळ्यावरची सुकी लाकडं बैलगाडीत घालून घेऊन आला. तेरा वर्षं तो विठूशी बोलला नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं लाकडं रचली, जाळ धरेपर्यंत घोंगडीखाली उभा राहिला आणि गाडी वळवून घरी गेला.